‘अजून लहान आहे, आपोआप शांत होईल’ म्हणून थांबावे का?

दुसरीच्या एका वर्गशिक्षिकेने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: वर्गातला एक मुलगा लेखनाचे काम सुरू झाले की जागेवरून उठतो, शेजाऱ्याची वही ओढतो, हटकले की मोठ्याने ओरडतो आणि कधी कधी पेन्सिल फेकतो. गेल्या दोन-तीन महिन्यांत हे वाढत चालले आहे. काही सहकारी म्हणतात, ‘लहान आहे, मोठा झाला की सुधारेल’. काहींच्या मते एकदा कडक शिक्षा केली की प्रश्न मिटेल. मुलावर ‘त्रासदायक’ असा शिक्का बसू न देता हस्तक्षेप कधी सुरू करावा आणि नेमके काय करावे?

शालेय समुपदेशक म्हणून अशा प्रश्नांवर दीर्घकाळ काम केल्यानंतर माझे मत स्पष्ट आहे. थांबू नये, याच आठवड्यात सुरुवात करावी. मात्र पहिला बदल मुलामध्ये शोधू नये. त्याचे वर्तन घडण्याच्या आधी आणि ते घडून गेल्यावर वर्गात जे जे होते, त्यात मोठ्यांनी बदल करायचा असतो. ही गोष्ट मान्य झाली की शिक्क्याची भीतीही बरीचशी ओसरते, कारण निदान करण्याची किंवा मुलाला एखाद्या गटात टाकण्याची गरजच पहिल्या टप्प्यावर उरत नाही.

आपल्या सहकाऱ्यांचे म्हणणे अगदीच निराधार नाही, हे आधी सांगितले पाहिजे. मारणे, ढकलणे, ओढणे अशी शारीरिक आक्रमकता बहुतेक मुलांमध्ये साधारण दोन ते चार वर्षांच्या वयात सर्वाधिक असते आणि भाषा व आत्मनियंत्रण वाढते तशी ती कमी होत जाते. बरीच मुले खरोखरच आपोआप शांत होतात. पण काही मुलांमध्ये ती कमी होत नाही. मानसशास्त्रज्ञ टेरी मॉफिट यांनी १९९३ मध्ये मांडलेल्या भेदानुसार, ज्यांचे समाजविघातक वर्तन केवळ किशोरवयापुरते असते असा गट मोठा असतो आणि ज्यांच्या अडचणी बालपणात सुरू होऊन पुढे टिकतात असा गट लहान असतो. सात वर्षांच्या एखाद्या विशिष्ट मुलाकडे पाहून तो कोणत्या वाटेने जाईल, हे खात्रीने कोणीही सांगू शकत नाही. म्हणूनच सुरुवातीचे उपाय असे निवडावेत, की मूल आपोआप सुधारणारच होते असे नंतर दिसले तरी त्या उपायांनी त्याचे काहीही नुकसान झालेले नसेल. स्पष्ट सूचना, झेपेल एवढे काम, वेळेवर केलेले कौतुक आणि मदत मागायला शिकवणे यांनी कोणत्याही मुलाचे वाईट होत नाही. थांबण्याची किंमत मात्र मोठी असू शकते.

ती किंमत का मोठी असते, हे नीट समजून घेणे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. अमेरिकेतील ओरेगन राज्यात जेराल्ड पॅटरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कुटुंबांच्या घरी जाऊन पालक आणि मुले यांच्यातील व्यवहारांच्या बारकाईने नोंदी केल्या. त्यातून त्यांना एक चक्र दिसले: मोठी व्यक्ती काही सांगते, मूल विरोध करते, मोठी व्यक्ती आवाज चढवते, मूल त्याहून अधिक आकांडतांडव करते आणि अखेर मोठी व्यक्ती माघार घेते. माघार घेताच मूल शांत होते. या एका प्रसंगात दोघांनाही बक्षीस मिळते. मुलाला नको असलेले काम टळते आणि मोठ्या माणसाला तात्काळ शांतता मिळते. म्हणून पुढच्या वेळी दोघेही तेच करतात, आणि दर वेळी थोडे अधिक तीव्रतेने करतात.

आता हेच आपल्या वर्गात पाहावे. लेखनाचे काम दिले जाते. मुलगा उठतो, वही ओढतो, ओरडतो. आपण त्याला दाराजवळ उभे करता किंवा कार्यालयात पाठवता. त्याच्या दृष्टीने पाहिल्यास लेखन टळले, म्हणजे जे हवे होते ते मिळाले. आपल्या दृष्टीने वर्ग पंधरा मिनिटे शांत झाला आणि उरलेल्या मुलांना शिकवता आले. ज्याला आपण शिक्षा म्हणतो, तीच त्या वर्तनाचे प्रबलन करत असण्याची, म्हणजे ते पुन्हा घडावे असे बळ त्याला देत असण्याची, दाट शक्यता आहे. शिक्षा आणखी कडक करावी, म्हणजे अधिक वेळ बाहेर ठेवावे, असे सुचवणाऱ्या सहकाऱ्यांनी या बाजूचा विचार केलेला नसतो. यात शिक्षकाला दोष देण्याचा हेतू मुळीच नाही. भरलेल्या वर्गात तात्काळ शांतता हवीशी वाटणे पूर्णपणे समजण्यासारखे आहे. पण हे चक्र आठवड्यांमागून आठवडे फिरत राहिले, की मूल त्यात सराईत होते, लेखनाचा सराव बुडत जातो, मागे पडल्यामुळे लेखन अधिकच नकोसे होते आणि शेजारच्या मुलांच्या मनात त्याची प्रतिमा पक्की होते. दोन-तीन महिन्यांचे चक्र मोडणे आणि तीन वर्षांचे चक्र मोडणे यांत फार अंतर आहे.

तरीही वर सांगितलेला अंदाज हा अंदाजच आहे, आणि तो तपासल्याशिवाय उपाय ठरवू नयेत. त्यासाठी एक-दोन आठवडे साध्या वहीत तीन रकाने करून नोंद ठेवावी: वर्तनाच्या लगेच आधी काय घडले, मुलाने काय केले आणि लगेच नंतर काय झाले. नोंद डोळ्यांना दिसेल आणि कानांना ऐकू येईल एवढीच असावी. ‘उद्धटपणे वागला’ असे लिहिल्याने काहीच कळत नाही. ‘फळ्यावरचे उतरवून घ्या असे सांगितल्यावर पेन्सिल फेकली, त्याला दाराजवळ उभे केले, दहा मिनिटांनी परत बोलावले, तोवर लेखन संपले होते’ असे लिहिल्याने जवळजवळ सगळेच कळते. ज्या तासांना काहीच घडले नाही, त्यांचीही नोंद हवी. चित्रकला, गोष्ट आणि तोंडी गणित यांत हे मूल शांत बसत असेल, तर ‘त्याला बसताच येत नाही’ हे विधान गळून पडते आणि शोध लेखनाच्या कामावर केंद्रित होतो.

याच काळात काही शक्यता आवर्जून तपासल्या पाहिजेत. दृष्टी आणि श्रवण, झोप, सकाळी पोटात काही गेले होते का, आणि अक्षरे ओळखण्यात, पेन्सिल धरण्यात किंवा फळ्यावरून वहीत उतरवण्यात खरी अडचण आहे का, हे सर्व पाहावे. फळा दिसत नसलेल्या मुलाची मस्ती चष्म्याने कमी होते, उपदेशाने नव्हे. वर्तनात अचानक बदल झाला असेल, तर घरातील मोठी घडामोड, दुसऱ्या मुलांकडून होणारा छळ किंवा कोणाकडून होणारे अत्याचार यांचाही विचार करावा. अत्याचाराची शंका आल्यास आपण स्वतः चौकशी करत न बसता बालसंरक्षणाची ठरलेली प्रक्रिया त्याच दिवशी सुरू करावी.

शाळेत दिसणाऱ्या बहुतेक त्रासदायक वर्तनाच्या मुळाशी दोन गोष्टी असतात: काहीतरी मिळवणे, विशेषतः लक्ष, किंवा काहीतरी टाळणे, विशेषतः अवघड काम. बाहेरून दोन्ही सारखीच दिसू शकतात, परंतु त्यांवरचे उपाय एकमेकांच्या विरुद्ध असतात. एडवर्ड कार आणि मार्क ड्युरँड यांचा १९८५ मधील प्रयोग यासाठी आजही वाचण्यासारखा आहे. विकासात्मक अडचणी असलेल्या चार मुलांचे वर्तन कोणत्या परिस्थितीत बिघडते, हे त्यांनी प्रथम शोधले. ज्यांचे वर्तन काम अवघड झाल्यावर बिघडत होते, त्यांना ‘मला समजत नाही’ असे म्हणायला शिकवले आणि तसे म्हणताच मदत दिली. ज्यांचे वर्तन मोठ्यांचे लक्ष कमी झाल्यावर बिघडत होते, त्यांना ‘मी चांगले काम करतोय का?’ असे विचारायला शिकवले आणि विचारताच कौतुक केले. कारणाशी जुळणारे वाक्य दिले तेव्हा त्रासदायक वर्तन झपाट्याने कमी झाले. न जुळणाऱ्या वाक्याने ते कमी झाले नाही. नोंदी न ठेवता ‘सर्वांसाठी एकच’ उपाय का फसतो, याचे याहून स्वच्छ उदाहरण मला माहीत नाही.

आपल्या नोंदींतून लेखन टाळण्याचेच कारण पुढे आले, तर मी पुढीलप्रमाणे सुचवेन. लेखनाचे काम सुरू होण्याच्या आधीच त्याच्या बाकापाशी जावे आणि हळू आवाजात सांगावे, ‘आधी फक्त या दोन ओळी लिही, मी लगेच येऊन पाहते.’ दोन ओळी होताच परत यावे आणि नेमके काय चांगले झाले ते सांगावे: ‘शब्दांमध्ये अंतर ठेवलेस, त्यामुळे वाचता येते आहे.’ मदत हवी असल्यास बाकावर ठेवायची एक लाल पट्टी किंवा कार्ड द्यावे, आणि सुरुवातीचे काही दिवस ते दिसताच हातातले काम बाजूला ठेवून जावे. नवे वर्तन जुन्यापेक्षा सोपे आणि जलद फळ देणारे असले, तरच मूल ते स्वीकारते. कार्ड ठेवून पाच मिनिटे वाट पाहावी लागली आणि पेन्सिल फेकल्यावर पाच सेकंदांत लक्ष मिळाले, तर ते पेन्सिलच निवडेल. दोन-तीन मिनिटांची विश्रांती मागण्याची मुभाही द्यावी, मात्र विश्रांतीनंतर उरलेले काम त्याची वाट पाहत असावे. वही ओढली किंवा ओरडला, तरी काम रद्द होऊ देऊ नये. ते लहान करावे, मदत करून पूर्ण करून घ्यावे, पण ‘ओरडले की लिहावे लागत नाही’ हा धडा पुन्हा मिळू नये. ओळी दोनवरून तीन, तीनवरून पाच अशा हळूहळू वाढवाव्यात.

नोंदींतून लक्ष मिळवण्याचे कारण दिसले, तर दिशा बदलते. तेव्हा किरकोळ खोड्यांकडे शक्य तितके दुर्लक्ष करून, मूल योग्य वागत असतानाच्या क्षणी त्याच्याकडे वारंवार जाणे, त्याला वर्गातली एखादी खरी जबाबदारी देणे आणि दिवसाची सुरुवातच दोन मिनिटांच्या निवांत बोलण्याने करणे उपयोगी पडते. दुर्लक्ष करण्याबाबत एक इशारा द्यावासा वाटतो. आजवर फळ देणारे वर्तन अचानक निष्फळ ठरले, की ते कमी होण्याआधी बहुधा काही काळ वाढते. चौथ्या-पाचव्या दिवशी दंगा वाढलेला पाहून बरेच शिक्षक उपाय सोडून देतात, आणि त्यामुळे मूल शिकते की आणखी जोर लावला तर फळ मिळते. हे आधीच माहीत असल्यास टिकून राहता येते. मात्र कोणाला इजा होण्याचा धोका असेल तेथे दुर्लक्ष हा पर्यायच नाही. तेथे शांतपणे, कमीत कमी शब्दांत, लगेच थांबवावे.

एका मुलाबद्दल विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देताना मी नेहमी संपूर्ण वर्गाकडेही पाहायला सांगतो. १९९० च्या दशकात ओरेगन विद्यापीठात जॉर्ज सुगाई आणि रॉबर्ट हॉर्नर यांच्या पुढाकाराने शाळांसाठी जी त्रिस्तरीय पद्धत विकसित झाली, तिचा पाया असा आहे: सर्व मुलांना अपेक्षित वर्तन विषयासारखे शिकवले, तर साधारण ८० टक्के मुलांना त्याहून अधिक काही लागत नाही; सुमारे १५ टक्के मुलांना थोडा जादा आधार लागतो आणि सुमारे ५ टक्के मुलांसाठी स्वतंत्र योजना लागते. हे आकडे प्रत्येक शाळेत तंतोतंत जुळत नाहीत, पण त्यांचा उपयोग आरशासारखा होतो. आपल्या वर्गात चाळीसपैकी पंधरा मुले लेखनाच्या वेळी जागा सोडत असतील, तर ती पंधरा मुलांची समस्या नसून लेखनाच्या तासाच्या आखणीची समस्या आहे, आणि तिथे एका मुलासाठी योजना करणे व्यर्थ आहे.

वर्गाच्या पातळीवर काय करावे, याबद्दल अर्धशतकाहून अधिक काळाचे संशोधन हाताशी आहे. मॅडसन, बेकर आणि थॉमस यांनी १९६८ मध्ये दाखवून दिले, की केवळ नियम सांगितल्याने वर्तनात फारसा फरक पडत नाही. किरकोळ गैरवर्तनाकडे दुर्लक्ष आणि योग्य वर्तनाचे कौतुक यांची जोड मिळाली, तेव्हा फरक पडला. भिंतीवर लावलेल्या नियमांच्या तक्त्यावर भिस्त ठेवणाऱ्या शाळांनी हे ध्यानात घ्यावे. नियम तीन ते पाच असावेत, ‘पळू नका’ऐवजी ‘वर्गात चाला’ अशा होकारार्थी भाषेत असावेत, आणि ते प्रत्यक्ष करून दाखवून, मुलांकडून सराव करून घेऊन शिकवावेत. एका कामातून दुसऱ्या कामाकडे जाण्याच्या वेळा विशेष जपाव्यात, कारण बराचसा गोंधळ त्याच मिनिटांत उगवतो.

याच काळातला आणखी एक उपाय म्हणजे १९६९ मध्ये बॅरिश, साँडर्स आणि वुल्फ यांनी प्रसिद्ध केलेला ‘गुड बिहेवियर गेम’. वर्गाचे गट करायचे, ठरावीक वेळ खेळ चालू ठेवायचा, नियम मोडला की त्या गटाच्या नावापुढे खूण करायची, आणि ज्या गटांच्या खुणा ठरलेल्या मर्यादेत राहतील ते सर्व गट जिंकले असे मानायचे. म्हणजे सगळेच गट जिंकू शकतात. १९८५-८६ मध्ये अमेरिकेतील बाल्टिमोर शहरात शेपर्ड केलॅम यांच्या चमूने पहिली-दुसरीच्या वर्गांत तो राबवला आणि ती मुले १९ ते २१ वर्षांची झाल्यावर त्यांची पुन्हा पाहणी केली. पहिलीत अधिक आक्रमक असलेल्या मुलग्यांमध्ये पुढे व्यसनाधीनता आणि समाजविघातक वर्तन यांचे प्रमाण तुलनेने कमी आढळले. लहान वर्गातला एक साधा उपक्रम इतक्या दूरवर परिणाम करू शकतो, हे पाहून या कामावरचा माझा विश्वास दृढ झाला. हा खेळ राबवताना एकच काळजी घ्यावी: एका मुलामुळे गट सतत हरत असेल, तर त्याच्यावर मित्रांचा रोष ओढवतो; अशा वेळी त्याची गणना काही दिवस वेगळी ठेवावी.

बक्षिसांबद्दल पालक आणि शिक्षक दोघेही शंका घेतात, आणि ती रास्त आहे. लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांच्या १९७३ च्या प्रयोगात, चित्रे काढणे मुळातच आवडणाऱ्या बालवाडीतील मुलांना त्यासाठी आधी कबूल केलेले बक्षीस दिल्यावर नंतर त्यांचा चित्रे काढण्यातला रस कमी झाला. त्यावरून मी असा निष्कर्ष काढतो, की जे मूल आनंदाने करतेच आहे त्यावर बक्षीस लावू नये. जे सुरूच होत नाही ते सुरू करण्यापुरते लावावे, वस्तूपेक्षा वेळ, निवड आणि सोबत या स्वरूपात द्यावे आणि काम जमू लागले की टप्प्याटप्प्याने कमी करावे. नेमक्या शब्दांत केलेले कौतुक मात्र कमी करण्याची घाई करू नये.

चार ते सहा आठवडे हे सर्व प्रामाणिकपणे करूनही नोंदींत उतार दिसला नाही, तर दुसऱ्या स्तराचा आधार द्यावा. त्यातली सर्वाधिक रुळलेली पद्धत म्हणजे ‘चेक-इन, चेक-आउट’: मूल शाळेत येताच एका ठरलेल्या प्रौढ व्यक्तीला भेटते, दिवसाची दोन-तीन उद्दिष्टे असलेले कार्ड घेते, प्रत्येक तासाअखेर शिक्षक त्यावर शून्य, एक किंवा दोन गुण देतात, आणि घरी जाण्यापूर्वी त्याच व्यक्तीबरोबर दोन मिनिटे कार्ड पाहिले जाते. रोज साधारण ८० टक्के गुण हे लक्ष्य ठेवतात. ही पद्धत लक्ष हवे असलेल्या मुलांना अधिक मानवते. काम टाळणाऱ्या मुलासाठी अभ्यासातली मदत जोडल्याशिवाय ती अपुरी पडते, आणि आपल्या प्रश्नातला मुलगा बहुधा याच दुसऱ्या प्रकारचा आहे. शाळांनी एक सोपी वाटणारी चूक टाळावी: सगळ्या ‘अवघड’ मुलांना एकत्र करून त्यांचा गट चालवू नये. टॉमस डिशियन आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये दाखवले, की विशेषतः किशोरवयीन मुलांच्या अशा गटांत मुले एकमेकांच्या गैरवर्तनाला दाद देतात आणि हस्तक्षेपानेच अपाय होऊ शकतो.

यानिमित्ताने गप्प मुलांविषयीही सांगणे मला आवश्यक वाटते, कारण दंगा करणाऱ्या मुलाकडे शाळेचे लक्ष जातेच. कोपऱ्यात बसणारे, मधल्या सुट्टीत एकटे फिरणारे, वारंवार पोट दुखते म्हणून घरी जाणारे मूल कोणाच्याही यादीत येत नाही. वॉकर आणि सेव्हरसन यांच्या चाचणी पद्धतीत शिक्षकांना दोन स्वतंत्र याद्या करायला सांगतात: बाहेर व्यक्त होणाऱ्या अडचणींची एक आणि आत कोंडलेल्या अडचणींची दुसरी. एवढ्यानेच नजरेतून सुटलेली मुले दिसू लागतात. रॉबर्ट गुडमन यांची १९९७ मधील २५ विधानांची प्रश्नावलीही अशा चाळणीसाठी जगभर वापरली जाते. तिच्यातली पाच विधाने मुलाच्या इतरांशी प्रेमाने, मदतीने वागण्याबद्दल आहेत, हे मला विशेष आवडते. अशी प्रश्नावली निदान करत नाही. ती कोणाकडे अधिक नीट पाहावे एवढेच सुचवते, आणि तिचे गुण मुलाच्या कायमच्या नोंदीत चिकटवून ठेवू नयेत.

पालकांशी पहिले बोलणे तक्रारीचे असू नये. काम सुरू केल्याच्या पहिल्याच आठवड्यात, मुलाने काही चांगले केले त्या दिवशी, ते सांगण्यासाठी संपर्क साधावा. त्यानंतर अडचण मांडताना ‘तुमचा मुलगा ऐकत नाही’ असे न म्हणता ‘लेखनाच्या वेळी त्याला त्रास होतो आहे असे दिसते; घरी लिहिताना काय होते?’ असे विचारावे. घरी त्याच चक्राचा अनुभव घेणारे पालक बहुधा दमलेले असतात आणि शाळेकडून आणखी एक आरोप ऐकण्याची त्यांची तयारी असते. मदतीची तयारी दाखवली की ते मोकळे होतात. शाळेतल्या प्रत्येक गैरवर्तनाची शिक्षा घरी पुन्हा होऊ नये, हेही त्यांना स्पष्ट सांगावे.

मुलाने स्वतःला किंवा इतरांना इजा केली, आत्महत्येबद्दल बोलला, किंवा शिकलेली कौशल्ये गमावत आहे असे दिसले, तर सहा आठवड्यांची वाट पाहू नये. समुपदेशक, विशेष शिक्षक आणि बालरोगतज्ज्ञ किंवा बालमानसतज्ज्ञ यांच्याकडे लगेच पाठवावे. अन्यथा आढाव्याची तारीख सुरुवातीलाच वहीत लिहून ठेवावी आणि त्या दिवशी मुख्याध्यापकांसह नोंदी पाहून ठरवावे की चालू ठेवायचे, बदलायचे की आधार कमी करायचा. सुधारणा झाल्यास कार्ड, छोटे काम आणि वारंवार भेटी एकदम बंद करू नयेत. एका वेळी एकच गोष्ट कमी करून दोन आठवडे पाहावे. वर्ष संपताना तिसरीच्या शिक्षकांना एका पानावर लिहून द्यावे: लेखनाच्या सुरुवातीला दोन ओळी द्या, लाल कार्ड दिसले की जा, चित्रकलेचे कौतुक त्याला फार आवडते. मागच्या तक्रारींची यादी त्या पानावर नको. नव्या वर्गाच्या पहिल्या आठवड्यातच हे पान वाचून त्यांच्याशी दहा मिनिटे बोलणेही ठरवून घ्यावे, कारण सुट्टीनंतर जुने वर्तन थोडे परत येण्याची शक्यता असते आणि त्या वेळी काय करायचे हे त्यांना आधीच माहीत असलेले बरे.